पोलादाचा सहावा हिस्सा

भिलाईत मे महिन्यात दुपारचे बारा वाजले की रस्ते ओस पडतात. घराघरांत कूलर घरघरत असतो. त्याला वाळ्याच्या ताट्या लावलेल्या असतील तर पाणी झिरपताच ओल्या मातीसारखा वास खोलीभर पसरतो. वाळ्याशी आपली ओळख एवढीच: कूलरची ताटी, माठात सोडायची जुडी, सरबत, फार तर अत्तराची कुपी. इकडे त्याला खस म्हणतात. ही ताटी म्हणजे एका गवताची मुळं आहेत हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण मूळ म्हणून तिच्याकडे कुणी पाहत नाही.

स्थापत्य अभियंत्यांनी पाहिलं. थायलंडचे अभियंते दिती हेंगचाओवानिच आणि त्यांचे एक सहकारी यांनी वाळ्याची मुळं ताणून ती किती जोराला तुटतात हे मोजलं. ते आकडे १९९६ साली प्रसिद्ध झाले. ०.७ ते ०.८ मिलिमीटर जाडीचं मूळ दर चौरस मिलिमीटरला सरासरी ७५ न्यूटनचा ताण सोसतं. साध्या पोलादाची ताणशक्ती याच मापात साडेचारशेच्या आसपास असते. म्हणजे वाळ्याचं मूळ हा पोलादाचा सहावा हिस्सा झाला. घरगुती हिशेबात सांगायचं तर जाड दोऱ्याएवढ्या एका मुळाला तीन किलोची पिशवी टांगता येईल.

हा आकडा भिलाईत सांगायला थोडा संकोच वाटतो. इथली पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली आणि तेव्हापासून हे गाव पोलादावरच जगतं. देशाच्या रेल्वेचे रूळ इथे लाटले जातात, २६० मीटर लांबीचे जोडरूळ इथून बाहेर पडतात. अशा गावात सहाव्या हिश्शाचं काय कौतुक? पण पोलाद पाण्याच्या जवळजवळ आठपट जड असतं आणि ओलं मूळ पाण्याएवढंच. वजनाला वजन लावलं तर सामना बरोबरीत सुटतो, कदाचित गवतच किंचित पुढे जातं. शिवाय त्याला भट्टी लागत नाही.

मुळाच्या या ताकदीचा उपयोग काय, हे समजून घ्यायला आधी पावसाकडे जावं लागेल.

दुर्ग-भिलाईच्या पट्ट्यात वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. हजार मिलिमीटर म्हणजे एका हेक्टरवर एक कोटी लिटर, दहा हजार टन पाणी. ते सावकाश ओतलं असतं तर प्रश्न नव्हता. पण पाच मिलिमीटरचा टपोरा थेंब जमिनीवर येतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला नऊ मीटर असतो, म्हणजे ताशी बत्तीस किलोमीटर. उघड्या जमिनीवर प्रत्येक थेंब हा एक लहानसा स्फोट असतो. पांढऱ्या भिंतीच्या पायथ्याशी पावसाळ्यात गुडघाभर उंचीपर्यंत मातीचे शिंतोडे उडालेले असतात ते याच स्फोटांचे. विसाव्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकापर्यंत बहुतेकांची समजूत अशी होती की माती नेतं ते वाहतं पाणी. डब्ल्यू. डी. एलिसन या अमेरिकन संशोधकाने १९४०च्या दशकात दाखवून दिलं की सुरुवात थेंब करतो. तो माती सुटी करतो आणि वाहतं पाणी ती सुटी माती उचलतं. चोर दोन आहेत, एक कुलूप फोडणारा आणि एक माल वाहणारा.

आपल्या कृषिविद्यालयांच्या पुस्तकांत धुपीचे तीन प्रकार फार नेमक्या नावांनी येतात: सालकाढी धूप, ओघळपाडी धूप आणि घळपाडी धूप. ज्याने कुणी ही नावं घडवली त्याला मराठीचा कान होता. साल काढावी तसा जमिनीचा पापुद्रा निघतो, मग ओघळ पडतात, मग घळी. घळ सगळ्यांना दिसते आणि तिचे फोटो छापून येतात. पण नुकसान सालीचं मोठं. भारतातल्या धुपीचा सर्वांत जास्त उद्धृत केला जाणारा अंदाज ध्रुव नारायण आणि राम बाबू यांनी १९८३ साली मांडला: वर्षाला ५३३ कोटी ४० लाख टन, म्हणजे हेक्टरी सरासरी १६.४ टन. आकडा अजस्र वाटतो. तोच हेक्टरभर पसरून पाहिला तर जाडी भरते सव्वा मिलिमीटरच्या आतबाहेर. एका पावसाळ्यात सव्वा मिलिमीटर कोणत्या शेतकऱ्याच्या नजरेला दिसणार? दहा वर्षांनी बोटाच्या जाडीएवढी माती गेलेली असते आणि तीच सगळ्यांत सुपीक असते.

हे मोजायचं काम आपल्याकडे बरंच आधी सुरू झालं होतं. पुण्याजवळ मांजरी इथे १९२३ साली कोरडवाहू शेतीच्या संशोधनाला सुरुवात झाली. पुढे १९३३च्या सुमारास सोलापूरला त्याचं मोठं केंद्र आलं. व्ही. ए. ताम्हणे आणि एन. व्ही. कानिटकर ही त्या कामातली नावं आज शेतीच्या विद्यार्थ्यांनाही क्वचितच ठाऊक असतात. अमेरिकेत ह्यू बेनेटने मातीसाठी रान उठवलं त्याच सुमारास आपली माणसं सोलापूरच्या उन्हात उतारावरून किती पाणी आणि किती माती जाते ते मोजत होती. बेनेटवर पुस्तकं निघाली. आपल्या माणसांवर, माझ्या पाहण्यात तरी, एखादं धड प्रकरण नाही. असो.

आता मातीकडे वळू. भिलाईच्या आसपासच्या कोणत्याही गावात गेलात तर तिथला शेतकरी चार नावं सांगेल: भाटा, मटासी, डोरसा, कन्हार. उंचावरची लालसर, खडीने भरलेली ती भाटा. तिच्या खाली पिवळसर मटासी, मग डोरसा आणि सखल भागात काळी कन्हार. एकाच उतारावर, हजार-दीड हजार पावलांत या चारही भेटू शकतात. उतार हा इथला मातीचा नकाशाच आहे. मृदाशास्त्राने यांना आपली लॅटिन धाटणीची नावं दिली आहेत, पण रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाच्या शोधनिबंधांतही ही गावठी नावं टिकून राहिली, कारण ती अधिक कामाची आहेत.

एक प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. या मातींची सुपारीएवढी वाळलेली ढेकळं आणा. ढेकूळ खडखडीत वाळलेलं हवं. काचेच्या पेल्यांत पाणी घ्या आणि प्रत्येकात एक ढेकूळ अलगद सोडा. मटासीचं ढेकूळ काही मिनिटांत बसतं. वाळलेलं असताना नखाने फुटणार नाही इतकं कडक आणि पाण्यात पडताच त्याचा ढिगारा. कन्हारचं ढेकूळ बुडबुडे सोडत कपच्या-कपच्यांनी उकलतं. भाट्याचे खडे तळाशी बसतात आणि वर लाल ढग तरंगत राहतो. मग एक शेवटचं ढेकूळ सोडा, त्याच मटासीचं, पण बांधावरच्या हराळीच्या मुळांतून उपटून आणलेलं. अर्धा तास झाला तरी ते पेल्यात बहुधा ढेकूळच असेल.

माती तीच, पाणी तेच. फरक इतकाच की एका ढेकळात मुळं राहून गेली आहेत.

ढेकूळ फुटतं ते आतल्या हवेमुळे. कोरड्या ढेकळात पाणी चारही बाजूंनी घुसतं, आतली हवा कोंडली जाते आणि ती बाहेर पडताना ढेकूळ फोडते. शेतात पहिल्या वळवाच्या सरीत नेमकं हेच होतं. फुटलेले बारीक कण भोकांत बसतात आणि जमिनीवर पापडी धरते. ही पापडी काही मिलिमीटरची असते, पण तिच्यामुळे पाणी मुरायचं थांबतं आणि वाहू लागतं. म्हणून धुपीच्या बाबतीत मातीला पहिला प्रश्न विचारायचा तो हा: भिजल्यावर तू तुझ्या रवाळ रूपात राहतेस का?

दुसरा प्रश्न कणांच्या आकाराचा. वाळूचा कण जड असतो, त्याला उचलायला पाण्याला जोर लागतो. चिकणमातीचा कण दोन सहस्रांश मिलिमीटरहूनही लहान, अगदी हलका, पण तो शेजाऱ्याला घट्ट धरून असतो. अडचणीत येतो तो मधला, पोयट्याचा कण. तो वजनाने हलका आणि चिकटायलाही कच्चा. त्यामुळे ज्या मातीत पोयटा आणि अगदी बारीक वाळू जास्त, ती सगळ्यांत आधी जाते. अमेरिकेतल्या वॉल्टर विशमायर आणि ड्वाइट स्मिथ यांनी दहा हजारांवर वाफा-वर्षांच्या नोंदींतून जे समीकरण बांधलं आणि १९६५ साली पुढे आणलं, ते आजही जगभर वापरात आहे. पावसाची ताकद, मातीचा धुपण्याचा कल, उताराची लांबी आणि चढ, वरचं आच्छादन आणि शेतकऱ्याने केलेली बांधबंदिस्ती यांचा तो गुणाकार आहे. गुणाकार म्हटल्यावर लक्षात येईल: यातला एकही आकडा शून्याजवळ नेता आला तर बाकीचे कितीही मोठे असोत, उत्तर लहानच येतं. पाऊस आपल्या हातात नाही, मातीचा पोत जन्मजात असतो आणि उतार बदलायला पैसा लागतो. आच्छादनाचा आकडा मात्र नांगरलेल्या उघड्या जमिनीला एक धरला तर दाट गवताला शंभरावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी पडतो. इतकी सवलत दुसरा कोणताच घटक देत नाही.

कन्हारचा स्वभाव वेगळा सांगायला हवा, कारण विदर्भातल्या वाचकाची काळी जमीन हिचीच बहीण आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळून आकसते. उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात. पहिले पाऊस त्या भेगांतून खोल जातात आणि जमीन मोठी पाणीदार वाटते. पण जुलैच्या मध्याला ती फुगून भेगा मिटवते आणि मग तिच्यात पाणी मुरणं जवळजवळ बंद होतं. त्यानंतरचा प्रत्येक पाऊस वरून वाहतो. दुर्ग-बेमेतराच्या बाजूला अशा बांध नसलेल्या काळ्या शेताला भर्री म्हणतात. तिथे आज सोयाबीन दिसतं. जून-जुलैत ज्या पंधरवड्यात पाऊस सर्वांत जोराचा, त्याच पंधरवड्यात सोयाबीनची रोपं वितीएवढी असतात आणि त्यांची मुळं तेवढीही नसतात. पीक पुढे कितीही दाट होवो, मातीचा वायदा तोवर टळून गेलेला असतो. यवतमाळच्या किंवा वर्ध्याच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

आणि भाटा? तिथे फिरताना वाटतं की इथे धूप होतच नसावी. पाणी वाहतं तेही बऱ्यापैकी स्वच्छ. खरं कारण असं की न्यायला आता फारसं काही उरलेलं नाही. बारीक माती केव्हाच गेली आणि मागे खड्यांचं चिलखत राहिलं. घर लुटून झाल्यावर चोर येत नाहीत, याला सुरक्षितता म्हणत नाहीत.

आता मुळांकडे. मूळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतं ते वडापिंपळाचं मूळ, जाड, पिळदार, खडक फोडणारं. ‘पाळंमुळं’ या शब्दातच ती ताकद आहे. पण माती धरण्याच्या कामात जाडीचा उपयोग उलटा होतो. बेल्जियमच्या ल्यूव्हेन विद्यापीठात सारा द बाट्स, जाँ पुसेन आणि त्यांच्या गटाने साध्या, पण मजेदार वस्तू वापरून हे पाहिलं: एका बाजूला गवत आणि दुसऱ्या बाजूला गाजरं. दोन्ही मातीच्या पेट्यांत वाढवायची, वरचा पाला कापून टाकायचा आणि उतरत्या पन्हळीतून पाणी सोडून किती माती सुटते ते मोजायचं. २००७ साली त्यांनी निष्कर्ष मांडले. गवताच्या मुळांची घनता थोडी वाढली तरी सुटणारी माती झपाट्याने कमी होते. सुरुवातीचा फायदा सर्वांत मोठा असतो. गाजर अगदी कोवळं, पाच मिलिमीटरहून बारीक असेपर्यंत जवळजवळ गवताइतकंच काम करतं. जाड होऊ लागलं की त्याचा उपयोग उतरत जातो, कारण जाड मुळाला वळसा घालताना पाणी भोवरे करतं आणि तेच भोवरे भोवतालची माती खणतात.

पोलादाच्या गावात याचा दुसरा अर्धा भाग समजावणं सोपं आहे. क्रेनचा दोर एका जाड कांबीचा का नसतो? बारीक तारा पिळून का करतात? बारीक तारेत दोष कमी असतात आणि एक तुटली तरी बाकीच्या धरून असतात. मुळांचंही तसंच. मूळ जितकं बारीक तितकी त्याची दर चौरस मिलिमीटरची ताणशक्ती जास्त. त्यात सेल्युलोजचं प्रमाण अधिक असतं हे याचं एक कारण. वाळ्याच्या मुळाचे ते ७५ न्यूटन बारीकपणाचे आहेत. आणि एकाच वितीएवढ्या मातीत अशी हजारो मुळं.

सिमेंटच्या स्लॅबमध्ये सळई का घालतात हे भिलाईत शाळेतल्या पोरालाही विचारता येईल. काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही, तो सळई सोसते. माती अगदी तशीच आहे. तिच्यावर उभं राहा, ती सोसेल. तिला खेचा, ती सुटते. उतारावरची माती सतत खाली खेचली जात असते आणि तिच्यात ताण घेणारं एकच साहित्य असतं, मूळ. फरक असा की सळई फक्त धरते. मूळ त्याच्या भोवतीचं काँक्रीटही स्वतः कालवतं.

मूळ जिवंत असताना चिकट स्राव सोडतं. त्यावर जिवाणू जगतात, त्यांचेही डिंक असतात. मुळांशी भागीदारी करणाऱ्या बुरशीचे धागे मुळाच्याही पुढे जातात आणि कणाकणाला गुंडाळतात. ऑस्ट्रेलियातल्या टिसडल आणि ओड्स यांनी १९८२ साली याची उतरंड मांडली. अगदी बारीक कण रासायनिक बंधांनी आणि जुन्या सेंद्रिय पदार्थांनी जोडलेले असतात, ते पक्कं काम. पाव मिलिमीटरहून मोठे रवे मात्र बारीक मुळांनी आणि बुरशीच्या धाग्यांनी बांधलेले असतात आणि ते काम तात्पुरतं असतं. मुळं मेली, बुरशी उपाशी राहिली की काही हंगामांत ते उकलतं. शेतकऱ्याने नांगर घातला तर त्याहून लवकर. म्हणजे पेल्यातलं जे ढेकूळ टिकलं ते बांधावरच्या हराळीने दर वर्षी नव्याने बांधलेलं असतं. आपण गणपतीला ज्या दूर्वा वाहतो त्या खुडताना एक कांडी मुळासकट उपटून पाहावी. मुळाला चिकटून आलेली माती झटकली तरी सहज जात नाही.

मेलेलं मूळही वाया जात नाही. ते कुजून मागे पोकळ नळी ठेवतं आणि तीतून पाणी खोल जातं. कन्हारसारख्या मिटणाऱ्या जमिनीत अशा नळ्यांचं मोल फार. मात्र हे सगळं कोणत्या मातीत घडतं याला महत्त्व आहे. वाळूच्या कणांना एकमेकांची ओढ नसते, त्यामुळे मुळांनी जाळं विणलं तरी जाळ्याच्या भोकांतून वाळू निसटते. त्याच जाळ्यात पोयट्याची किंवा चिकण माती अडकून राहते. मुळं एकटी पुरत नाहीत, त्यांना धरण्याजोगी माती लागते. भाट्यावर झाडं लावून ती राखणं इतकं जड जातं त्यामागे हेही एक कारण असावं असं मला वाटतं: तिथे खडे आहेत, रवे बांधायला बारीक मातीच थोडी.

भिलाईची टाउनशिप हिरवी आहे. रशियनांच्या मदतीने आखलेले रुंद रस्ते, सेक्टर, दुतर्फा झाडं. बाहेरून आलेला पाहुणा सावली पाहून खूश होतो. पाहुण्याने खालीही पाहावं. पुष्कळ ठिकाणी झाडाखालची जमीन अंगणासारखी लख्ख झाडलेली असते, पाचोळा गोळा करून जाळलेला असतो, गवताचं पातं नसतं. आपल्याला हे स्वच्छतेचं लक्षण वाटतं. मातीच्या दृष्टीने ते छप्पर असलेलं, पण दारं-खिडक्या काढून नेलेलं घर आहे. उंच झाडाच्या पानांवर पावसाचे लहान थेंब एकत्र होतात आणि मोठा थेंब होऊन गळतात. आठ-नऊ मीटर उंचीवरून गळालेला थेंब खाली पोचेपर्यंत बहुतेक पूर्ण वेग घेतो. सागाची पानं मोठी असतात, म्हणून सागाच्या लागवडीत खालचं गवत-झुडूप काढून टाकलं की उघड्या माळापेक्षाही जास्त माती उडू शकते. चंद्रपूर-गडचिरोलीपासून इकडे छत्तीसगडपर्यंत सागाचा एवढा मान आहे की हे बोलणं अनेकांना कडू लागेल. दोष सागाचा नाहीच. जंगलातल्या सागाखाली पाचोळा असतो, बांबू असतो, गवत असतं. दोष त्याच्या पायाशी केलेल्या साफसफाईचा.

टाउनशिपमधली जुनी झाडं मात्र एक उपकार करतात. ती मोजपट्टी आहेत. झाड लावलं तेव्हा त्याची आडवी मुळं मातीखाली होती. आज ती किती वर आली आहेत ते मोजायचं आणि झाडाच्या वयाने भागायचं. साठ वर्षांच्या झाडाचं मूळ सहा सेंटिमीटर उघडं पडलं असेल तर वर्षाला एक मिलिमीटर गेला. मूळ जाड होतानाही थोडं वर येतं, ते वजा धरावं लागतं, पण ढोबळ अंदाज मिळतो. जगभरचे भूशास्त्रज्ञ ही रीत वापरतात आणि तिला एक टेप सोडून काही लागत नाही. मैदानाच्या कडेची, पायवाटेची, नालीकाठची झाडं यासाठी उत्तम. वाट पाहणाऱ्या माणसांनी बसून गुळगुळीत केलेली ती मुळं एके काळी जमिनीखाली होती, हे लक्षात आलं की त्यावर बसणं जरा अवघड होतं.

झाडावर मी फार रागावलो असं वाटायला नको. डोंगरउतारावर, जिथे मातीचा आख्खा थर घसरण्याची भीती असते, तिथे खोल गेलेली जाड मुळं थराला खालच्या मुरमात खिळवून ठेवतात. तिथे गवत पुरत नाही. आणि तिथेही एक मेख आहे: झाड तोडल्याच्या वर्षी फारसं काही घडत नाही. मुळं कुजायला काही वर्षं लागतात, उतार सर्वांत कच्चा होतो तो त्यानंतर. तेव्हा तोड विसरून गेलेली असते.

धानाच्या बांधीचं कौतुक मात्र करायलाच हवं. पूर्व विदर्भातल्या भंडारा-गोंदियापासून छत्तीसगडच्या मैदानापर्यंत हा एकच देश आहे, बांधी आणि धुऱ्यांचा, म्हणजे बांधांचा. धानाची मुळं उथळ, बहुतेक वरच्या वीतभर थरात. चिखलणी करून आपण त्या थराची रवाळ रचना मुद्दाम मोडतो. पुस्तकी हिशेबाने ही जमीन धुपायला हवी. ती धुपत नाही, कारण प्रत्येक बांधी ही एक उथळ पेटी आहे आणि वरच्या पेटीतून आलेला गाळ खालच्या पेटीत बसतो. सगळी मदार धुऱ्यावर. छत्तीसगडात धुऱ्यावर बाभळी राखण्याची जुनी चाल आहे. नांगराला लाकूड, शेळीला पाला, शेतालाही थोडं खत. काही धुऱ्यांवर तूर असते. पण धुरा प्रत्यक्ष धरून ठेवतं ते बाभळीखालचं गवत, हे शेतकऱ्याला ठाऊक असतं. म्हणून दर वर्षी धुऱ्याची डागडुजी करताना तो गवताची ढेपच कापून वर थापतो, नुसती माती टाकत नाही. ल्यूव्हेनच्या पेट्यांतून जे निघालं तेच इथे फावड्याच्या टोकावर आहे.

याच्या अगदी उलट टोकाला खाणी. भिलाईचं लोखंड येतं दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांतून, दक्षिणेला बालोद जिल्ह्यात. खाणीवर जो निरुपयोगी मातीचा ढीग पडतो त्यात कण आहेत, पण रवे नाहीत, मुळं नाहीत, बुरशी नाही. ती माती माती या नावाला अजून पात्रच झालेली नसते. पाऊस पडला की तिच्यातून लाल पाणी निघतं आणि सखल शेतात जातं. गोव्यात डिचोली-सत्तरीकडच्या वाचकाने हे चित्र पाहिलेलं आहे. तिथे अशा ढिगांवर ऑस्ट्रेलियन बाभूळ लावून ते हिरवे केले गेले. लांबून डोंगर हिरवा दिसला तरी तिच्या सावलीत कडक पानांच्या थराखाली गवत फारसं टिकत नाही. ढीग धरायचा तर आधी गवत, मग झुडूप, मग झाड हा क्रम. आपल्याकडे बहुतेकदा उलटा होतो, कारण झाडं मोजता येतात आणि गवताची जुडी अहवालात शोभत नाही.

वाळ्याकडे परत येतो. १९८०च्या दशकात जागतिक बँकेचे जॉन ग्रीनफील्ड आणि रिचर्ड ग्रिमशॉ भारतात काम करत होते आणि बांधांऐवजी वाळ्याच्या ओळी लावाव्यात असं सांगत फिरत होते. १९८७ साली दिल्लीहून निघालेली त्यांची खिशात मावणारी पुस्तिका पुढे अनेक भाषांत गेली. थायलंडच्या राजाने १९९१पासून ती कल्पना देशभर नेली. पण ग्रीनफील्डना दाखला कुठे मिळाला? म्हैसूरजवळच्या गुंडलुपेटला. तिथले शेतकरी आपल्या शेतांच्या हद्दीवर पिढ्यान्‌पिढ्या हे गवत लावत आले होते. उताराला आडवी, दाट ओळ. पाणी तिच्याशी अडतं, मंदावतं, गाळ टाकतं आणि गाळलेलं पुढे जातं. मुळं सरळ खाली तीन-चार मीटर जातात, आडवी पसरून पिकाचं पाणी पीत नाहीत. गुरं कोवळ्या पानांखेरीज फारसं तोंड लावत नाहीत. काही वर्षांत ओळीच्या वरच्या अंगाला आपोआप पायरी तयार होते.

मग हे गवत सगळीकडे का नाही? एक कारण फार साधं आहे. त्याची किंमत मुळात आहे आणि मूळ मिळवायचं तर ते खणून काढावं लागतं. अत्तरासाठी किंवा ताटीसाठी वाळा काढतात तेव्हा दोन-दोन हात माती उकरली जाते. उतारावर केलेली वाळ्याची काढणी ही स्वतःच एक धूप असते. एकच झाड विकायला लावलं तर माती सोडतं, हद्दीवर लावलं तर माती धरतं. हद्दीवरच्या वाळ्याला मात्र बाजारात भाव नाही.

भिलाईच्या परिसरातून सुटलेली माती शिवनाथ नदीत जाते. गडचिरोलीच्या सीमेलगतच्या डोंगराळ भागातून येणारी ही नदी दुर्गच्या शेजारून वाहते, पुढे खारूनला पोटात घेते आणि महानदीला मिळते. महानदीवर ओडिशात हिराकूड आहे. १९५७ साली उभ्या राहिलेल्या त्या धरणाची मूळ साठवण ८१३.६ कोटी घनमीटर होती. गाळाने तिचा मोठा भाग आता भरला आहे. १९८३च्या त्या अंदाजानुसार देशात सुटलेल्या मातीपैकी सुमारे २९ टक्के समुद्रात जाते, १० टक्के धरणांत बसते आणि बाकीची ६१ टक्के इकडची तिकडे होऊन कुठेतरी पडते. त्या ‘कुठेतरी’मध्ये छत्तीसगडातले तलाव येतात. दुर्ग जिल्ह्यातलं धमधा हे एके काळी ‘छै आगर छै कोरी’ तलावांचं गाव म्हणून प्रसिद्ध, म्हणजे सहा विसा आणि वर सहा, एकूण १२६. महात्मा फुल्यांनी १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये डोंगरावरचा पालापाचोळा आणि किडामुंगीचं खत पावसाबरोबर शेतात उतरतं, ते वाहून जाऊ नये म्हणून ताली-बंधारे घालावेत असं सुचवलं होतं. तलाव हा त्याच विचाराचा थोरला भाऊ. उन्हाळ्यात तो आटला की तळाचा काळा गाळ गाडीत भरून शेतात न्यायचा. इथे हे पूर्वापार चाललं आहे आणि महाराष्ट्रात २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार या नावाने सरकारनेच ते हाती घेतलं.

गाळ पसरलेल्या शेतातलं एक ढेकूळ पहिल्या वर्षी पेल्यात टाकून पाहिलं तर ते लगेच विरघळतं. त्यात पोयटा आहे, चिकण आहे, खतही आहे, पण तळ्याच्या तळाशी पडून असताना त्याला मूळ लागलेलं नाही. म्हणून जाणता शेतकरी गाळ उताराच्या वरच्या टोकाला टाकत नाही आणि टाकल्या वर्षी खालच्या धुऱ्यावरचं गवत गुरांना चरू देत नाही. ढेकूळ तो दोन-तीन पावसाळ्यांनी पुन्हा तपासतो, पेला न वापरता, पायाने दाबून.